जन्मठेपेच्या कैद्याची मुदतपूर्व सुटका: महाराष्ट्रातली पात्रता, कागदपत्रे आणि प्रस्तावाचा प्रवास

खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप लागली की घरचे लोक वर्षे मोजू लागतात. चौदा वर्षे भरली की माणूस सुटतो, असा सगळीकडे समज आहे. तो चुकीचा आहे. त्या समजापोटी काही कुटुंबे नको त्या वर्षी धावपळ करतात, आणि काही जण खरोखर हालचाल करायची वेळ येते तेव्हा स्वस्थ बसून राहतात.

जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्यभर कैद. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये हे स्पष्ट केले. माफीचे दिवस (चांगली वर्तणूक आणि काम यांसाठी जेलमध्ये शिक्षेत मिळणारी सूट) धरले तर आपली शिक्षा भरली, असे त्यांचे म्हणणे होते आणि न्यायालयाने ते मानले नाही. माफी मिळवणे वेगळे आणि सरकारने उरलेली शिक्षा सोडून देणे वेगळे. सुटका होते ती या दुसऱ्या आदेशाने.

मग चौदा वर्षे आली कुठून? 18 डिसेंबर 1978 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ लागू झाले. आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 475 मध्ये आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे आत काढल्याशिवाय सोडता येत नाही, असे ती सांगते. खून अशाच गुन्ह्यात मोडतो. 1 जुलै 2024 आधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे जुने कलम 302 आणि त्यानंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम 103 लागते. म्हणजे चौदा वर्षे ही किमान अट आहे. त्यापुढे किती, हे राज्य सरकार ठरवते.

कोणते धोरण लागू होते

महाराष्ट्र सरकारने यासाठी वेळोवेळी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. 1992 च्या आणि 15 मार्च 2010 च्या सूचनांचा उल्लेख आदेशांमध्ये वारंवार येतो. त्यांत खुनाचे प्रकार पाडलेले आहेत. भांडणाच्या भरात एकट्याने केलेला खून, आधी ठरवून केलेला खून, टोळीने केलेला, अतिशय क्रूरपणे केलेला, अशा प्रकारांना वेगवेगळी वर्षे लावली जातात. आदेशात 20, 22, 24, 26 असे आकडे दिसतात. ही वर्षे माफीचे दिवस धरून मोजायची असतात, पण प्रत्यक्ष चौदा वर्षांची अट कायम राहते.

सत्र न्यायालयाने ज्या दिवशी दोषी ठरवले, त्या दिवशी जे धोरण होते ते लागू होते. नंतर कैद्याला जास्त फायद्याचे धोरण आले तर त्याचाही लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये जगदीश प्रकरणात सांगितले. म्हणून निकालाची तारीख आणि निकालपत्राचे शेवटचे पान आधी वाचा. 2015 च्या श्रीहरन प्रकरणानंतर हे स्पष्ट आहे की उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय ‘इतकी वर्षे माफीशिवाय’ अशी शिक्षा देऊ शकते. तसे वाक्य निकालात असेल, तर त्या मुदतीत सरकारी धोरणाचा उपयोग होत नाही.

अर्ज कोणत्या राज्याकडे जायचा, यातही गोंधळ होतो. गुन्हा कुठे घडला किंवा कैदी कुठे ठेवला आहे यापेक्षा शिक्षा कोणत्या राज्यातल्या न्यायालयाने दिली, हे महत्त्वाचे. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातमधला होता, पण खटला मुंबईत चालला. त्यामुळे तो अधिकार महाराष्ट्राचाच, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 8 जानेवारी 2024 च्या निकालात म्हटले आहे. तपास सीबीआयने केला असेल तर केंद्र सरकारची सहमतीही लागते.

दिवस कसे मोजायचे

कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेत धरले जातात. जेलमध्ये त्याला ‘सेट ऑफ’ म्हणतात. शिक्षेच्या वॉरंटवर ते दिवस नोंदलेले आहेत का, हे जेलच्या न्यायालयीन विभागात विचारून घ्या. नोंद राहिली असेल तर ती दुरुस्त करून घेणे हे पहिले काम. अपील चालू असताना जामिनावर घालवलेला काळ मात्र मोजत नाहीत.

पॅरोलचे दिवसही प्रत्यक्ष कैदेत धरले जात नाहीत. गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये तसा निकाल दिला. आपल्याकडे संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. फर्लोला खास कारण लागत नाही. लांब शिक्षेतल्या माणसाचे घराशी नाते टिकावे म्हणून ती असते, आणि माणूस वेळेवर परतला तर तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी मिळतो. दोन्ही रजा 1959 च्या नियमांनुसार मिळतात आणि त्या नियमांत पुष्कळदा दुरुस्त्या झाल्या आहेत, म्हणून दिवसांची सध्याची मर्यादा अर्जाच्या वेळी कार्यालयातूनच लिहून घ्या. अर्जासोबत कारणाचा पुरावा (डॉक्टरांचा दाखला, लग्नपत्रिका, मृत्यूचा दाखला), जामीनदाराची कागदपत्रे आणि जिथे राहणार त्या घराचा पत्ता द्यावा लागतो. पोलीस त्या पत्त्यावर चौकशीला येतात, त्या वेळी घरात कोणीतरी हवे. उशिरा परतल्यास माफी कापली जाते, गुन्हाही दाखल होऊ शकतो, आणि हीच नोंद पुढे मुदतपूर्व सुटकेच्या प्रस्तावात आडवी येते.

प्रस्ताव कसा फिरतो

कारागृह अधीक्षक प्रस्ताव तयार करतात. त्यात कैद्याची वर्तणूक, त्याने केलेले काम, मिळालेली माफी, रजेवरून परतल्याच्या नोंदी आणि प्रकृतीचा अहवाल असतो. पोलिसांचा आणि जिल्हा प्रशासनाचा अहवाल मागवतात. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मतही घेतात. ते कारणांसह असावे, असे न्यायालयांनी बजावले आहे. मग कागद कारागृह विभागाच्या पुण्याच्या मुख्यालयातून मंत्रालयात गृह विभागाकडे जातात आणि तिथे कैद्याचा प्रवर्ग, म्हणजे धोरणातला खुनाचा कोणता प्रकार आणि किती वर्षे लागू, हे ठरते.

18 फेब्रुवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याचे धोरण असेल तर पात्र कैद्याचा विचार सरकारने स्वतःहून करायचा. कैद्याने किंवा नातेवाइकांनी अर्ज केलाच पाहिजे असे नाही. हा निकाल फार मोलाचा आहे, कारण आत सडणाऱ्यांत अर्ज लिहून देणारे कोणी नसलेलेच जास्त. तरीही ज्यांना शक्य आहे त्यांनी अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत निकालपत्राच्या प्रती (सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, असल्यास सर्वोच्च न्यायालय), दंड भरल्याची पावती, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, सुटल्यावर कुठे राहणार आणि काय काम करणार याचे घरच्यांचे प्रतिज्ञापत्र, आणि आजार असल्यास वैद्यकीय कागद जोडा. आतमध्ये घेतलेले शिक्षण व प्रशिक्षण यांची प्रमाणपत्रेही द्या. गुन्ह्याचा समाजावर परिणाम, पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता, घरची परिस्थिती हे निकष सर्वोच्च न्यायालयातल्या लक्ष्मण नस्कर प्रकरणापासून पाहिले जातात, आणि या कागदांतून त्यांचेच उत्तर द्यायचे असते.

यासाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे देऊ नका. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा.

प्रस्ताव फेटाळला तर आदेशाची प्रत मागा. नुसते ‘पोलिसांचा अहवाल प्रतिकूल’ एवढ्यावर नकार दिला असेल किंवा चुकीचा प्रवर्ग लावला असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. राज्यपालांकडे अनुच्छेद 161 खाली करायचा दयेचा अर्ज वेगळा असतो. त्याला चौदा वर्षांची अट नाही.

गुन्ह्याच्या दिवशी वय अठरापेक्षा कमी असेल तर

इथे सगळे गणितच बदलते. 2015 चा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला खुनासाठीही विशेष गृहात जास्तीत जास्त 3 वर्षे ठेवता येते. सोळा ते अठरा वयाच्या मुलाचे बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते. त्यात गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती पाहिली जाते. मंडळाला तसे वाटले तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते आणि तिथे प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तरी फाशी देता येत नाही, आणि सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेपही देता येत नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला प्रौढांच्या जेलबाहेर, सुरक्षित ठिकाणी ठेवायचे असते. त्या वयाला न्यायालय त्याच्यात झालेली सुधारणा तपासते. समाधान झाले तर सोडते, नाहीतर उरलेली शिक्षा जेलमध्ये.

खटल्याच्या वेळी वयाचा मुद्दा कोणी काढलाच नसेल, तर? कलम 9 प्रमाणे तो कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा मांडता येतो. मार्च 2023 मध्ये नागपूर कारागृहातला फाशीचा एक कैदी असाच सुटला. 1994 साली पुण्यात झालेल्या सात जणांच्या हत्येत त्याला शिक्षा झाली होती. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदींवरून त्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षे ठरले. तोवर त्याची 28 वर्षांहून जास्त वर्षे आत गेली होती. कलम 74 अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करते, म्हणून त्याचे नाव इथे लिहीत नाही.

वयाच्या पुराव्याचा क्रम कलम 94 ने ठरवून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या क्रमात नाही. म्हणून मूल ज्या शाळेत पहिलीला बसले त्या शाळेत जाऊन प्रवेश रजिस्टरचा प्रमाणित उतारा काढा. खटल्यातले नाव आणि शाळेतले नाव वेगळे असेल, तर दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे वडीलधाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र आणि गावातला आणखी एखादा जुना कागद सोबत लावा. नागपूरच्या त्या प्रकरणातही नावांत फरक होता आणि चौकशीत त्यावर बराच खल झाला.