मुघलकालीन लोकसंख्येचा अंदाज (इ. स. 1600)

अकबराच्या राज्यात माणसांची शिरगणती झाली नाही; मोजली गेली ती जमीन. म्हणून लोकसंख्येचा आकडा जमीन किंवा फौज यांवरून काढावा लागतो. मुख्य साधन अबुल फझलचा 1595 च्या सुमाराचा ग्रंथ ‘आईन-ए-अकबरी’. त्यात अनेक सुभ्यांची ‘अराजी’, म्हणजे मोजणी झालेली जमीन, महालवार (महाल म्हणजे महसुलाचा छोटा विभाग) बिघ्यांत दिली आहे. बंगालसारख्या सुभ्यांची मात्र नाही.

इलाही बिघा 60 × 60 गजांचा, सुमारे 0.6 एकर. समजा, एका ‘सरकार’ची (सुभ्यातील जिल्ह्यासारख्या विभागाची) अराजी 1,00,000 बिघे, म्हणजे 60,000 एकर आहे. मोजणी 60 टक्के जमिनीचीच झाली असे धरल्यास एकूण जमीन 1,00,000 एकर. दर ग्रामीण माणशी एक एकर आणि नागरी वस्ती 15 टक्के धरली, की लोकसंख्या सुमारे 1,17,600 येते. आता मोजणी 80 टक्के होती असे माना : उत्तर 88,200 वर उतरते. बाकी काहीही न बदलता पाव भाग लोक नाहीसे! खरा वाद या टक्केवारीचाच आहे. तो सोडवण्यासाठी औरंगजेबाच्या काळातील मोजलेल्या व न मोजलेल्या गावांचे आकडे कामी येतात. शिवाय अराजीत थोडी पडीक जमीनही आहे. ती सरसकट पिकाखालची धरली, तर आकडा फुगतो.

ब्रिटिश इतिहासकार डब्ल्यू. एच. मोरलँड यांनी 1920 मध्ये उत्तर भारतातील मुलतान ते मुंगेर या पट्ट्यासाठी जमिनीवरून 3 ते 4 कोटी लोक धरले. दक्षिणेसाठी त्यांनी विजयनगर व सुलतानशाह्यांच्या फौजा घेऊन एका सैनिकामागे 30 माणसे मोजली, आणि 3 कोटी काढले. हे प्रमाण पहिल्या महायुद्धापूर्वीच्या फ्रान्स-जर्मनीवरून घेतलेले. दख्खनला ते लागू पडेल असे मानायला आधार नाही. उरलेले भाग धरून त्यांची उपखंडाची बेरीज 10 कोटी. लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्झ्ली डेव्हिस यांनी ती 12.5 कोटींवर नेली. इतिहासकार शिरीन मूसवी यांचा अंदाज सुमारे 14.5 कोटी असून तो अधिक भक्कम आहे, कारण त्यात अराजी तशीच न वापरता आधी तिची छाननी केली आहे. हे आकडे उपखंडाचे आहेत; विजापूर व गोवळकोंडा तेव्हा मुघलांकडे नव्हते, तरी हे आकडे मुघल साम्राज्याच्या नावावर सर्रास खपवले जातात.

पडताळ्यासाठी 1881 च्या जनगणनेचे सुमारे 25.4 कोटी घ्यावेत. 10 कोटींपासून तिथे पोचायला दरसाल सुमारे 0.33 टक्के वाढ लागते, 14.5 कोटींपासून 0.2 टक्के.