नेटवर्क मॉनिटरिंग सेवा सुरू करताना येणाऱ्या परवानगीच्या अडचणी

नागिओस, झॅबिक्स, आयसिंगा, प्रोमिथियस यांसारखी नेटवर्कवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर लिनक्स सर्व्हरवर सेवा म्हणून चालतात. सुरू होताना एखादी फाइल, पोर्ट किंवा सॉकेट (प्रोग्रामचे संवादाचे टोक) वापरायला प्रणालीने नकार दिला, की सेवा तिथेच थांबते. कधी ती वरवर चालू दिसते, पण तपासण्या होत नाहीत. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण नेटवर्क बंद पडले तरी कोणालाच कळत नाही.

अडचणीचे मूळ या सेवांच्या स्वरूपातच आहे. सुरक्षिततेसाठी त्या रूट (सर्व हक्क असलेला प्रशासक युजर) म्हणून न चालवता 'नागिओस' किंवा 'झॅबिक्स' अशा मर्यादित हक्कांच्या युजरखाली चालवतात. काम मात्र पिंग (यंत्र उत्तर देते का हे पाहणारा संदेश) पाठवणे, इतरांचे लॉग (नोंदींच्या फाइली) वाचणे, राखीव म्हणजे १०२४ पेक्षा कमी क्रमांकाच्या पोर्टवर ऐकणे असे असते आणि त्याला जादा हक्क लागतात.

तपास संदेशापासून सुरू करावा. 'परमिशन डिनाइड' (त्रुटी १३) आणि 'ऑपरेशन नॉट परमिटेड' (त्रुटी १) एकच समजले जातात, पण पहिली बहुधा फाइलच्या मालकीकडे किंवा सुरक्षा धोरणाकडे बोट दाखवते, तर दुसरी विशेष हक्काच्या अभावाकडे. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचे त्रुटी-क्रमांकही बोलके आहेत: २१७ म्हणजे सेवेसाठी नेमलेला युजर सापडत नाही, २०३ म्हणजे प्रोग्रामची फाइलच चालवता आली नाही. हे सारे जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदींत, मिळते. ते न वाचता हक्क बदलत सुटणे म्हणजे अंधारात चाचपडणे.

नेहमी आढळणारे कारण साधे असते. सेवा सुरू होईना म्हणून कोणीतरी तोच प्रोग्राम हाताने, रूट म्हणून चालवून पाहतो. तो चालतो, पण त्या वेळी तयार झालेल्या लॉग आणि पीआयडी (चालू प्रक्रियेचा क्रमांक ठेवणाऱ्या) फाइलींची मालकी रूटकडे जाते. पुढे सेवा आपल्या युजरखाली सुरू झाली, की तिला त्याच फाइलींत लिहिता येत नाही. म्हणून चाचणी नेहमी सुडोने (दुसऱ्या युजरच्या नावाने प्रोग्राम चालवणारी आज्ञा) सेवेच्याच युजरच्या नावाने करावी. फाइलचे हक्क बरोबर असूनही नकार आला, तर वरच्या प्रत्येक डिरेक्टरीवर त्या युजरला प्रवेशाचा, म्हणजे 'एक्स'चा हक्क आहे का ते पाहावे. वाटेतली एक बंद डिरेक्टरी पुरेशी असते.

सर्व्हर रीबूट झाल्यावरच सेवा अडत असेल, तर रोख चालू सेवांच्या तात्पुरत्या फाइली ठेवणाऱ्या रन डिरेक्टरीकडे (/run) न्यावा. ती मेमरीत असते आणि प्रत्येक रीबूटला रिकामी होते, त्यामुळे तिथे हाताने बनवलेली उपडिरेक्टरी टिकत नाही. सेवेच्या युनिट फाइलमध्ये (सेवा कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल) 'रनटाइमडिरेक्टरी' लिहिली, की सिस्टमडी ती योग्य मालकीसह दर वेळी तयार करते.

नागिओसची कमांड फाइल हे असेच एक उदाहरण. ती साधी फाइल नसून नेम्ड पाइप (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे मजकूर पोचवणारी नळी) आहे आणि वेब इंटरफेसवरून दिलेले आदेश तिच्यातून जातात. नागिओस सुरू होताना ती बनते आणि थांबल्यावर नाहीशी होते, म्हणून पाइपचे हक्क बदलणे व्यर्थ. तिच्या डिरेक्टरीला सामायिक गट आणि सेटजीआयडी बिट (आत बनणाऱ्या फाइलींना डिरेक्टरीचाच गट देणारी खूण) द्यावा, वेब सर्व्हरचा युजर त्या गटात घालावा आणि वेब सर्व्हरही रीस्टार्ट करावा. चालू प्रक्रियेला नवे गट-सदस्यत्व आपोआप लागू होत नाही.

झॅबिक्सचे १००५० व १००५१ किंवा प्रोमिथियसचे ९०९० हे पोर्ट १०२४ च्या वरचे असल्याने तिथे रूटची गरज नसते. नेटवर्क उपकरणांनी आपणहून पाठवलेल्या सूचना, म्हणजे एसएनएमपी ट्रॅप (पोर्ट १६२), किंवा त्यांच्या नोंदी, म्हणजे सिसलॉग (पोर्ट ५१४), घ्यायचे ठरले, की प्रश्न उभा राहतो. लिनक्समध्ये यासाठी 'कॅप नेट बाइंड सर्व्हिस' ही सुटी क्षमता (रूटच्या हक्कांतला एकच तुकडा) देता येते. पिंगसाठी लागणाऱ्या रॉ सॉकेटला (नेटवर्कचे पॅकेट थेट बनवू देणारे सॉकेट) 'कॅप नेट रॉ' पुरते. क्षमता प्रोग्रामच्या फाइलवर लावली, तर पॅकेज अपडेट होताना ती जाऊ शकते, म्हणून युनिट फाइलमध्येच 'अँबियंट कॅपॅबिलिटीज' लिहिणे अधिक भरवशाचे. युनिटमध्ये 'नोन्यूप्रिव्हिलेजेस' चालू असेल, तर फाइलवरचा सेटयूआयडी बिट (प्रोग्राम फाइलच्या मालकाच्या हक्कांनी चालवणारी खूण) आणि क्षमता दोन्ही निष्प्रभ होतात. मग टर्मिनलवर चालणारे एफपिंग (पिंग पाठवणारा प्रोग्राम) सेवेतून मात्र चालत नाही.

सगळे हक्क बरोबर दिसूनही नकार येत असेल, तर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर ही फाइलच्या हक्कांपलीकडे सुरक्षा धोरण लागू करणारी यंत्रणा तपासावी. होम डिरेक्टरीत तयार केलेली कॉन्फिगरेशन फाइल हलवून इटीसीत (सेटिंग्जची /etc डिरेक्टरी) नेली, तर तिचे एसईलिनक्स लेबल जुनेच राहते. रिस्टोरकॉन या आज्ञेने ते दुरुस्त होते. ऑडिट लॉगमध्ये नकाराची नोंद सापडते. थोडा वेळ परमिसिव्ह मोड (नकार न देता फक्त नोंद करणारा) लावून खात्री करणे ठीक, पण एसईलिनक्स कायमचे बंद करणे हा उपाय नव्हे. सरसकट ७७७ (सर्वांना वाचणे, लिहिणे, चालवणे) हक्क देण्याचेही तेच. मॉनिटरिंगच्या फाइलींत इतर सर्व्हरचे पासवर्ड असतात, आणि ७७७ मुळे ते त्या यंत्रावरच्या प्रत्येक युजरपुढे उघडे पडतात.

सेवा कंटेनरमध्ये (प्रोग्रामला यंत्रावर वेगळे ठेवणारा बंदिस्त कप्पा) चालवली, तर तिथे युजरच्या नावाला अर्थ नसतो, क्रमांकाला असतो. प्रोमिथियसची अधिकृत इमेज (कंटेनरचा तयार साचा) ६५५३४ या क्रमांकाखाली चालते, आलेख दाखवणाऱ्या ग्राफानाची ४७२ खाली. होस्टवरून (कंटेनर चालवणाऱ्या मूळ यंत्रावरून) जोडलेल्या डेटा डिरेक्टरीची मालकी त्याच क्रमांकाला द्यावी लागते.