पाठदुखी : उपचारफलाचे मानसिक पूर्वसूचक

पाठदुखीवरील औषधे, व्यायाम किंवा शस्त्रक्रिया यांचा गुण कोणाला कितपत येईल, हे आधी अजमावताना विचारात घ्यावे लागणारे भीती, खिन्नता, अपेक्षा यांसारखे घटक. केवळ एमआरआयवरून हा अंदाज बांधता येत नाही, कारण ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशांच्या मणक्यांतही झीज दिसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठ न दुखणाऱ्या विशीतील व्यक्तींमध्ये दोन मणक्यांमधल्या गादीच्या झिजेचे प्रमाण ३७ टक्के आढळले.

यांपैकी सर्वाधिक अभ्यास भीतीचा झाला आहे. व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये विस्ताराने मांडलेल्या प्रतिमानानुसार, दुखणे म्हणजे आत काहीतरी मोडते आहे असा समज झाला की मनुष्य वाकणे-उचलणे टाळतो, वापराअभावी स्नायू दुबळे होतात, मग थोड्या हालचालीनेही दुखते आणि मूळची भीती खरी वाटू लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात या समजाला 'गादी सरकली' हा शब्दप्रयोगच खतपाणी घालतो. वास्तविक गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. ती फुगते किंवा फाटते, सरकत नाही. परंतु मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी निपाणीची बाई हे दोन शब्द ऐकून घरी आली, की पाण्याची घागर उचलायला सुनेला हाक मारते, आणि पाठ दुखायची थांबल्यावरही ती सवय सुटत नाही.

पाठदुखी रेंगाळण्याचा धोका अजमावणाऱ्या, इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत पाच प्रश्न मनोसामाजिक आहेत. ती येथे वापरताना बोलीचे भान हवे, कारण 'नैराश्य आहे का' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा रुग्ण 'जीव रमत नाही' हे मात्र आपणहून सांगतो. पायातील वाढती शक्तिहीनता, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप अशी लक्षणे असल्यास त्यांची तपासणी अर्थातच आधी करावी लागते.

मानसिक घटक आढळले म्हणजे रुग्ण ढोंग करतो, असा अर्थ काढणे चूक आहे. अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८० मध्ये सांगितलेल्या, केवळ शारीरिक कारणाने उलगडा न होणाऱ्या पाच चिन्हांचा असाच दुरुपयोग झाला आणि त्यांनी स्वतः तो अमान्य केला.

बरे होण्याविषयीची रुग्णाची स्वतःची अपेक्षा हा त्यातल्या त्यात भरवशाचा पूर्वसूचक मानला जातो. मात्र 'कामावर कधी जाल?' या प्रश्नाला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीचा रोजंदार 'सोमवारी' म्हणतो, तेव्हा ती नेहमीच अपेक्षा नसते. खाडा परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.