हळद, दाह आणि कर्करोग

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्यांपैकी कर्क्युमिन हे मुख्य. दळलेल्या हळदीत ते वजनाच्या सुमारे 3 टक्केच असते. म्हणजे 3 ग्रॅमच्या चमचाभर हळदीत जेमतेम 90 मिलिग्रॅम.

अनेक कर्करोगांत एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन सतत जागे असते. पेशीकेंद्रकात शिरून ते टीएनएफ, इंटरल्यूकिन-6, कॉक्स-2 अशा दाहकारक घटकांची जनुके चालू करते. त्यावर गाठ पोसली जाते. प्रयोगशाळेतल्या पेशींत कर्क्युमिन या प्रथिनाला केंद्रकाबाहेरच अडवते. पण रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना लढायला उतरतानाही हेच प्रथिन लागते. त्यामुळे ‘हळदीने प्रतिकारशक्ती वाढते’ हे विधान फारच ढोबळ आहे.

खरी अडचण पोटात सुरू होते. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. जे थोडे शोषले जाते त्याचे आतड्याची भिंत आणि यकृत लगेच रूपांतर करून टाकतात. अमेरिकेत ह्यूस्टनला स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले (2008). स्वयंपाकाच्या हिशेबाने ही पाव किलोहून जास्त हळद झाली. तरी रक्तात मिलिलिटरमागे 22 ते 41 नॅनोग्रॅमच पोचले. पेशींवरच्या प्रयोगांत नेहमी वापरली जाणारी 10 मायक्रोमोलर मात्रा म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे 3,700 नॅनोग्रॅम. तपासता आलेल्या 21 रुग्णांपैकी दोघांत परिणाम दिसला. त्यांतल्या एकाची गाठ काही काळ 73 टक्के आटली, आणि त्याच वेळी रक्तातले सायटोकाइन (दाहाशी निगडित, पेशींना संदेश देणारी प्रथिने) घटले नाहीत, उलट 4 ते 35 पट वाढले! ‘दाह कमी, म्हणून गाठ कमी’ या सरळ गणितात हे बसत नाही.

शोषण वाढवायला काळ्या मिरीतले पायपरीन जोडतात. बंगळूरच्या 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर शोषण 20 पट झाले. मात्र पायपरीन औषधे पचवणाऱ्या विकरांनाही अडवते. स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत कर्क्युमिन-पायपरीनमुळे त्या औषधाचे क्रियाशील रूप, एन्डॉक्सिफेन, सुमारे 12 टक्के घटल्याचे डच अभ्यासात आढळले. उंदरांत कर्क्युमिनने सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाचा परिणाम कमी केला. शोषण वाढवलेल्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत: कावीळ, गडद लघवी, खाज. अशी लक्षणे दिसताच गोळ्या थांबवून यकृताची तपासणी करतात. आमटी-भाजीतल्या हळदीला हा धोका सहसा लागू होत नाही. केमो चालू असताना गोळ्या घ्यायच्या असतील, तर मात्र आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे लागते.