फ्लोटेशन टायर (जुन्या उभयचर गाड्यांचे)

जमिनीवर, दलदलीत, बर्फावर आणि पाण्यात चालणाऱ्या हलक्या सहाचाकी गाड्यांना बसवले जाणारे रुंद, मऊ आणि अगदी कमी हवेवर चालणारे टायर. नावातल्या ‘फ्लोटेशन’मुळे ते पाण्यावर तरंगण्यासाठी असावेत असे वाटते. प्रत्यक्षात हा शब्द आधी जमिनीसाठी आला. मऊ मातीत न रुतता वरच्यावर राहणे, हा त्याचा मूळ अर्थ. पाण्यात हे टायर गाडीला उचलून धरतात तेही खरे, पण ती त्यांची दुसरी कामगिरी.

रुतण्याचे गणित सोपे आहे. मऊ टायर जमिनीवर जितका दाब देतो, तो जवळपास आतल्या हवेच्या दाबाइतका असतो; टायरच्या कापडाच्या ताठपणामुळे थोडा जास्त. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) हवा असते, या टायरांमध्ये दीड ते तीन. समजा गाडी आणि दोन माणसे मिळून वजन ३२० किलो आहे आणि हवा २ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१४ किलो. मग हे वजन पेलायला सहा टायर मिळून जवळजवळ २,३०० चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात. एका टायरच्या वाट्याला सुमारे ३८० येतात, म्हणजे पसरलेल्या दोन पंजांएवढी जागा. चिखलात चालणाऱ्या माणसाच्या पावलाखाली याहून कितीतरी जास्त दाब असतो. म्हणूनच माणूस घोट्यापर्यंत रुततो तिथून ही गाडी उथळ खूण ठेवून निघून जाते.

कल्पनेचे मूळ अलास्काशी जोडलेले आहे. तिथले मूळ रहिवासी हवा भरलेल्या कातडी पिशव्यांवरून जड होडी किनाऱ्यावर लोटत नेतात, हे पाहून विल्यम अल्बी यांनी रबराच्या रुंद पिशवीसारखे चाक तयार केले. १९५० च्या दशकात ते ‘रोलिगॉन’ नावाने पुढे आले. गुडइयर कंपनीचे ‘टेरा-टायर’ याच विचाराचे. १९६० च्या दशकापासून कॅनडा आणि अमेरिकेत छोट्या उभयचर गाड्यांची लाट आली: जिगर, अँफिकॅट, टेरा टायगर, ॲटेक्स, मॅक्स. कॅनडातल्या न्यू हॅम्बर्ग इथल्या ओंटारियो ड्राइव्ह अँड गिअरची आर्गो १९६७ मध्ये आली. या बहुतेक गाड्यांचा सांगाडा साधा होता. प्लास्टिकचा किंवा फायबरग्लासचा टब, मागे छोटे इंजिन, दोन्ही बाजूंना साखळीने फिरणारी तीन-तीन चाके. स्प्रिंग नाही, शॉकॲब्सॉर्बर नाही. धक्के झेलण्याचे सगळे काम टायरमधल्या हवेवर सोपवलेले.

या टायरांचा प्रभाव उभयचर गाड्यांपुरता राहिला नाही. होंडाच्या अभियंत्यांनी तीनचाकी वाहनाचे प्रयोग करताना अँफिकॅटचे २० इंची कमी दाबाचे टायर मिळवून अभ्यासले, आणि १९७० च्या यूएस९० या तीनचाकीला २२ इंची फुगीर टायर बसवले. आजच्या एटीव्हीचे (कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या छोट्या उघड्या गाडीचे) टायर या वंशावळीतले आहेत.

मापे अशी वाचतात: २२×११-८ म्हणजे २२ इंच उंची, ११ इंच रुंदी, ८ इंची रिम. असा टायर सरळ नळकांडे मानला तर आकारमान सुमारे ६८ लिटर भरते. खांदे गोल असल्याने आणि रिमची पोकळी वजा जाता ते कमी होते. तरी सहा टायर निम्मे बुडाले की दीडशे लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतात, म्हणजे तेवढ्या किलोंचा आधार देतात. बाकीचा भार टब उचलतो. म्हणून एका बाजूचा टायर पंक्चर होऊन आत पाणी शिरले, तर गाडी त्या बाजूला कलते.

पाण्यात वल्हीही टायरच. फिरणाऱ्या चाकाचा खालचा भाग पाणी मागे ढकलतो, वरचा भाग पुढे. चाक आसापर्यंतच बुडालेले असेल तर वरचा भाग हवेत राहतो आणि गाडी पुढे सरकते. त्याहून खोल गेले की दोन्ही ढकलणी एकमेकींना खाऊ लागतात. जास्त माणसे बसवलेली गाडी पाण्यात मंदावते ती केवळ वजनाने नव्हे, या कारणानेही. टायरवरची नक्षी खोल आणि आडवी असेल तर वल्हवणे सुधारते. तरी वेग चालत्या माणसाएवढाच.

जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याची खरी अडचण इथे सुरू होते. कित्येक मूळ मापांचे टायर आता बनत नाहीत, आणि जे सापडतात त्यांच्या बाजूंना उन्हाने व ओझोनने भेगा पडलेल्या असतात. साहजिकच मनुष्य त्याच मापाचा आधुनिक एटीव्ही टायर घेतो. ही निवड बऱ्याचदा चुकते. नवे टायर चार किंवा सहा प्लायचे (म्हणजे तितक्या कापडी थरांच्या ताकदीचे), खडकावर टिकावेत म्हणून ताठ केलेले असतात. २ पीएसआयवर ते फारसे दबत नाहीत. माप तेच राहते, पण मऊपणा गेल्याने स्प्रिंगही गेली आणि जमिनीवरची पसरणही. बागेच्या ट्रॅक्टरचे दोन प्लायचे मऊ टायर दिसायला साधे असले तरी अनेकदा जास्त योग्य ठरतात, फक्त त्यांची उथळ नक्षी पाण्यात कमी पडते.

उंची वाढवण्याचा मोह तर टाळावाच. आसांमधले अंतर ठरलेले असल्याने मोठे टायर एकमेकांना घासतात. टायर जितका बाहेर जातो तितका आस आणि बेअरिंगवर ताण येतो, आणि मोठ्या व्यासामुळे साखळी व इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या पट्ट्याचे काम वाढते. वळताना या गाड्या एका बाजूची चाके रोखून घसरत फिरतात. त्या वेळी फार पकड असलेली नक्षीही जाचक ठरते. जुन्या टायरांचे गोलसर खांदे त्यासाठीच आहेत.

एका बाजूचे तिन्ही टायर सारखे असणे अत्यावश्यक आहे, कारण साखळी त्यांना सारखेच फेरे फिरवते. एका टायरचा घेर ३ सेंटिमीटर जास्त असेल, तर शंभर फेऱ्यांत तो इतरांपेक्षा ३ मीटर पुढे जाऊ पाहतो. चिखलात हा फरक घसरून निघून जातो, पण कडक रस्त्यावर तो साखळीत ताण म्हणून साठतो आणि शेवटी साखळी किंवा दातेरी चाक जाते. जाणकार म्हणून हवा केवळ गेजवर भरत नाहीत. मोटारीचे गेज या दाबाला उपयोगाचेही नाही, त्याचा काटा इथे जेमतेम हलतो. गाडी उचलून टायरच्या मध्यावर टेप गुंडाळायची आणि घेर जुळेपर्यंत हवा कमी-जास्त करायची, ही पद्धत जास्त भरवशाची.

कमी हवेमुळे उतारावर आडवे घसरताना टायरची कड रिमवरून सुटू शकते. ती पुन्हा बसवताना साबणाचे पाणी लावून टायरभोवती मधोमध पट्टा आवळतात, म्हणजे कडा बाहेर पसरून रिमला टेकतात. मग हवा हळूहळू भरायची, आणि टायरवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही. पातळ कापडाचा जुना टायर फुटला तर हात जायबंदी होतो. भेगांतून हवा झिरपत असेल पण आतले कापड शाबूत असेल, तर ट्यूब घालून तो आणखी काही वर्षे चालतो. फोम भरण्याचा उपाय मात्र इथे नको: टायर जड होतो, ताठ होतो, आणि ज्यासाठी तो बसवला तेच काम बंद पडते.