स्वमग्नता : व्याख्या आणि भेदनिदान

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या वाढीशी निगडित, लहानपणापासून दिसणारी अवस्था आहे. इतरांशी संवाद साधण्यात अडचण आणि त्याच त्या कृती, आवडी किंवा संवेदनांचे वेगळेपण, ही दोन्ही लक्षणे असल्याशिवाय आज निदान करत नाहीत. ती रक्त तपासून किंवा एमआरआय काढून ठरत नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांनी सांगितलेला इतिहास एवढाच आधार असल्याने तिची हद्द वारंवार बदलली आहे.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन केले, तरी पुढची कित्येक वर्षे हा बालवयातला स्किझोफ्रेनियाच मानला जाई. अमेरिकी मनोविकार नियमावलीत, म्हणजे डीएसएममध्ये, स्वतंत्र नोंद झाली ती १९८० मध्ये. ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्परगर यांचा अशाच मुलांवरचा १९४४ चा जर्मन लेख ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी १९८१ मध्ये पुढे आणला. डीएसएमच्या १९९४ च्या आवृत्तीत अ‍ॅस्परगर हे वेगळे निदान आले आणि २०१३ मध्ये ते 'स्पेक्ट्रम'मध्ये, म्हणजे सौम्य ते तीव्र अशा एकाच व्यापक निदानात, विरघळले. २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने अहोरात्र आधार लागणाऱ्यांसाठी 'प्रोफाउंड ऑटिझम' (तीव्र स्वमग्नता) हे नाव सुचवले. स्वमग्न प्रौढांपैकी अनेकांना ही नवी फाळणी मान्य नाही.

पुण्यात प्रश्न बहुधा न बोलणाऱ्या दोन-अडीच वर्षांच्या मुलापासून सुरू होतो. 'याचा बापही उशिराच बोलला' असे आजी म्हणते. शेजारी मोबाईलला दोष देतात. आधी ऐकू येते का हे पाहण्यासाठी बेरा चाचणी करणे शहाणपणाचे. नुसता भाषाविलंब असलेले मूल बहुधा बोटाने दाखवून, नजरेने, हावभावांनी आपले म्हणणे पोचवते. स्वमग्न मुलात हेच कमी आढळते. समाजमाध्यमांत गाजणारे 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे मोबाईल-टीव्हीमुळे होते म्हणतात ती स्वमग्नता, ना डीएसएममध्ये आहे ना जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या रोगसूचीत. बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता (एडीएचडी) आणि चिंता स्वमग्नतेसोबतही असू शकतात. अतिचंचलतेचे निदान जोडीने करायला मात्र डीएसएमने २०१३ पर्यंत मनाई केली होती; ही बंदी निरीक्षणाला धरून कधीच नव्हती.

ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाचा दाखला मागताना स्वमग्नतेच्या हद्दीचा हा वाद कागदावर उतरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता स्वतंत्रपणे आहेत. अतिचंचलतेला वेगळी जागा नाही. मोजमापाला आयएसएए ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. तीत ७० पेक्षा कमी गुण आले तर स्वमग्नता धरली जात नाही. नीट बोलणारी, गर्दीत वागणे निभावून नेणारी मुलगी या आकड्याच्या अलीकडे राहू शकते, आणि शाळेतली तिची दमछाक कोणत्याच रकान्यात येत नाही.