इंग्रजी श्रवणकौशल्य : डिजिटल साधनांद्वारे अध्यापन

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांना बोललेले इंग्रजी ऐकून समजावे, यासाठी ध्वनिमुद्रणे, व्हिडिओ, पॉडकास्ट, मोबाइल ॲप यांचा केला जाणारा वापर. श्रवण, भाषण, वाचन, लेखन असा क्रम सगळे सांगतात; वर्गात मात्र श्रवणच मागे राहते.

महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी मुंबईत मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी नीट वाचणाऱ्या अनेक मुलांना बोललेले इंग्रजी पकडता येत नाही. याचे कारण उच्चारांत आहे. मराठीत अक्षरे बऱ्यापैकी सुटी, पूर्ण उच्चारली जातात. इंग्रजीत आघात (जोर) नसलेली अक्षरे दबतात, शेजारचे शब्द एकमेकांत मिसळतात. 'कॅन'चा 'कन' होतो. 'नेक्स्ट स्टेशन' भरभर म्हटले की 'नेक्स्टेशन' एवढेच उरते. शब्द पाठ असतो, पण कानाला ओळखू येत नाही.

अशा वेळी शिक्षक वाक्य पुन्हा म्हणतात, पण नकळत सावकाश आणि तोडून. ध्वनिमुद्रण बदलत नाही. निसटलेले दोन सेकंद हवे तितक्या वेळा तसेच ऐकता येतात. डिजिटल साधनाचे खरे मोल यातच आहे. यूट्यूबवर वेग ०.७५ करता येतो. फारच कमी केला तर आवाज ओढल्यासारखा येतो. सबटायटल पहिल्यांदा बंदच ठेवावीत, नाहीतर मुले ऐकायचे सोडून वाचू लागतात.

तयार साहित्य भरपूर आहे. बीबीसीने १९४३ पासून आणि व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ पासून रेडिओवरून शिकणाऱ्यांसाठी इंग्रजी कार्यक्रम दिले. व्हॉइस ऑफ अमेरिकाचे मुद्दाम संथ गतीत, सुमारे १,५०० शब्दांच्या मर्यादित शब्दसंग्रहात. पण मुंबईत पहिला धडा लोकलमध्येच मिळतो. डब्यातली घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. मुलांनी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून आणावी. आशय मराठीतून आधीच कळलेला असल्याने इंग्रजीत काय शोधायचे, हे कानाला ठाऊक असते.

घरात एकच फोन आणि तोही कामावर गेलेला, ही अडचण मोठी आहे. म्हणून फाइल डाउनलोड करून वर्गात स्पीकरवर ऐकवणे बरे.

ऐकवून लगेच प्रश्न विचारणे ही परीक्षा झाली, शिकवणे नव्हे. 'फोर फिफ्टीन' ऐकून कोणी ४.५० लिहिले, तर नुसती फुली मारू नये. तेवढाच तुकडा परत लावावा आणि जोर कुठे पडतो ते मुलालाच ऐकू द्यावे: 'फिफ्टी'त सुरुवातीला, 'फिफ्टीन'मध्ये बहुधा शेवटी.